पाळण्यातलं नाव

कंपाउंडरने "ऋजुता" असं नाव पुकारलं आणि दोन बायका उठल्या. झालं ते एवढंच. मुलुंडला आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास मी भिंतीकडच्या बाकावर रक्तदाब तपासून घ्यायला बसलो होतो. मांडीवर वाचनालयाचं पुस्तक होतं आणि पुस्तकात खूण म्हणून बोट. दोघींच्या कडेवर तान्ह्या मुली होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसल्या. "तुमची पण ऋजुता?" "हो ना! आमच्या बिल्डिंगमध्ये अजून एक आहे, तिसऱ्या मजल्यावर." कंपाउंडर नंदू वैतागला. "अहो बाई, आडनावं सांगत जा ना. हल्ली येते ती ऋजुताच. वाट लागली माझी." सगळा बाक हसला. मीही हसलो असेन. लोक हसले की मी हसतो, ती जुनी सवय आहे. नंतर लक्षात आलं की बोट दुखतंय, मी पुस्तक इतकं घट्ट मिटून धरलं होतं. डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "काका, आज जरा वर आहे. काही टेन्शन?" मी नाही म्हटलं. आणखी काय सांगणार होतो? की माझ्या घरातली एक वस्तू रस्त्यात दोन बायकांच्या हातात दिसली म्हणून?

ते नाव माझ्या मुलीचं. चौतीस वर्षांपूर्वी मी ते तिला ठेवलं आणि अकरा वर्षांपूर्वी, लग्नात, तिने ते सोडलं. मधल्या तेवीस वर्षांत आमच्या चाळीत, नात्यात, तिच्या शाळेत ते कुणाला धड म्हणता आलं नाही. आणि या दोघी किती सहज म्हणत होत्या. उच्चार तसा चुकीचाच होता, रुजुता, स्वच्छ रोखठोक रु, पण त्यात अडखळणं नव्हतं, लाज नव्हती, म्हणून झाल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघणं नव्हतं. पाणी मागावं तसं त्या ते नाव घेत होत्या. घरी परतताना मी पावलांच्या ठेक्यावर ते मनात म्हणत होतो, एकदा त्यांच्यासारखं आणि एकदा माझ्यासारखं, आणि रेल्वे फाटकाशी आलो तेव्हा माझा उच्चार कोणता आणि त्यांचा कोणता हे मला सांगता येईना.

मी सव्वीस वर्षं जन्मनोंदणीच्या कचेरीत कारकून होतो. नोंद आधी व्हायची, बारसं मागाहून, त्यामुळे रजिस्टरात बाळाच्या नावाचा रकाना बहुतेक रिकामाच राहायचा. नाव घालायला परत येतो कोण? 'मुलगा', 'मुलगी' एवढ्यावर माणसं जन्माला यायची. पण जी नावं यायची ती लाटेसारखी यायची. एका वर्षी सगळ्या कुंदा, मग काही वर्षं सगळ्या मंगला, मग वर्षा आणि मनीषा. लाट कुठून येते हे कचेरीत बसून कधी कळायचं नाही, ओसरली की मात्र कळायचं. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून किती मुली गेल्या असतील, त्यांत ऋजुता एकच, आणि ती माझ्याच अक्षरात. बारशाची वाट न बघता, चौथ्याच दिवशी, शाई नीट झटकून मी ते नाव रकान्यात लिहिलं होतं. शेवंती, माझी बायको, नंतर म्हणाली, "अहो, काहीतरी साधं ठेवा ना, माझ्या आईला हाक मारता येईल असं." मी म्हणालो, "आता नोंद झाली." जन्मभर मी कुणाशी आवाज चढवून बोललो नाही, पण त्या दिवशी सरकारी रजिस्टर ढालीसारखं पुढे धरलं. ती बिचारी त्याला भ्यायली.

नाव मला कुठे सापडलं हेही सांगायला हवं, कारण त्यातच खरी खोट आहे. माझे वडील गिरणीत होते. आमच्याकडची नावं म्हणजे लवू, बाळा, दादू, सोनू. मी लवू. मॅट्रिकनंतर मला संस्कृत शिकायचं वेड लागलं, आणि कुणाच्या तरी ओळखीने मी रविवारी पार्ल्याला मार्तंडराव नावाच्या एका निवृत्त शिक्षकांकडे जाऊ लागलो. स्टेशनवरून चालत जायचं, बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास यायचा, आणि त्यांच्या ओटीवर पोचेपर्यंत माझी जीभ कोरडी पडायची. माणूस वाईट नव्हता. शिकवायचे मनापासून. "ऋ हा स्वर आहे, लवू. रु नव्हे, रि नव्हे. जीभ वर वळव, पण टाळूला टेकू देऊ नकोस." मी आठवडाभर कचेरीत फायलींच्या आड जीभ वळवत बसायचो. पुढच्या रविवारी ते ऐकायचे, डोळे मिटून, आणि म्हणायचे, "जवळ आलास." कधीच 'आलं' म्हणाले नाहीत. मुलगी झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो आणि नाव सांगितलं. ऋजुता, म्हणजे सरळपणा. त्यांनी पेढा तोंडात टाकला. "वा! सुंदर नाव. पण तुमच्याकडे म्हणता येईल का रे कुणाला?" आतून त्यांच्या सूनबाई पाणी घेऊन आल्या, मी ते प्यालो, आणि परत येताना मला बिस्किटांचा वास आला नाही. तुमच्याकडे. चौतीस वर्षं मी स्वतःला विचारत आलो आहे की मी मुलीला नाव ठेवलं की त्या ओटीला उत्तर दिलं. उत्तर दिलं असेल, तर ते एका आठ दिवसांच्या पोरीच्या तोंडून का द्यायला लावलं?

बारसं चाळीतल्या खोलीत झालं. आम्ही पुरुष बाहेर गॅलरीत उभे होतो. आतून पाळण्याचं गाणं ऐकू आलं, मग आत्याच्या पाठीत धपाटे मारतात त्यांचा आवाज, आणि मग एकदम हशा, खूप वेळ चाललेला. माझी थोरली बहीण सोनूआक्का, गावाहून मुद्दाम आलेली, घाम पुसत बाहेर आली. "लवू, माझ्या जिभेक ह्यां नाव वळणा नाय रे. मी आपला तिच्या कानात 'बाय' म्हटलंय. देवाक कळला." म्हणजे मुलीच्या कानात ते नाव गेलंच नाही. रजिस्टरात एक, कानात दुसरं. पुढे बायची बेबी झाली, चाळभर बेबी, आजोळी बेबी, शेवंतीच्या तोंडीही बेबी. मी तेवढा ऋजुता म्हणायचो, संध्याकाळी कचेरीतून आल्यावर, दारातून, जीभ नीट वळवून. ती यायची. पण येताना आधी माझ्या तोंडाकडे बघायची. लहान असताना मला ते कौतुक वाटायचं.

दवाखान्यातल्या त्या गुरुवारीच दुपारी शेजारच्या फोनवर जावयांचा निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. बाळंतपणाला ती माझ्याकडे आली नव्हती, आई नसलेल्या माहेरात कशाला यायचं, ते बरोबरच होतं, आणि शेवंती होती तेव्हाही ती दिवाळीला सकाळी येऊन संध्याकाळी जायची. आमच्यात भांडण कधीच झालं नाही. भांडणाला दोन माणसांनी बोलावं लागतं. पण निरोप ऐकून मी वेड्यासारखा खोलीत फेऱ्या मारू लागलो. सकाळची ती गोष्ट आणि ही बातमी एकाच दिवशी यावी यात मला काहीतरी अर्थ दिसू लागला, वाचणाऱ्या माणसाला सगळीकडे अर्थ दिसतो तसा. मी ठरवलं, तिला सांगायचं. बघ बाळ, दवाखान्यात दोघी उठल्या. मी चुकलो नव्हतो, फक्त लवकर होतो. हे वाक्य मी तीन-चार प्रकारे जुळवलं. त्यात क्षमा मागणं होतं की फुशारकी, हे तेव्हा मला कळलं नाही.

शनिवारी बोरिवलीला गेलो, दादरला गाडी बदलून. प्रसूतिगृह स्टेशनच्या पूर्वेला, दोन जिने चढून. ती खाटेवर बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेला, केसांत दोन-चार पांढरे. बाळ झोपलं होतं. मी त्याची मूठ बघितली. मी आणलेली मोसंबी स्टुलावर ठेवली. मग म्हणालो, "परवा एक गंमत झाली." ती म्हणाली, "अण्णा, आधी मी बोलू?" तिचा आवाज हळू होता, आसपास इतर खाटा होत्या. "बारशाला या. नक्की या. पण नाव सुचवू नका. कुणी विचारलं तरी नको. एवढं एक करा माझ्यासाठी." मी म्हणालो, "नाही, नाही, मी कशाला." तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. "रागावून नाही म्हणत हो. तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. शाळेत बाई हजेरी घेताना माझ्या नावापाशी आल्या की थांबायच्या. एकदोनदा म्हणून बघितलं, पोरं हसली, त्यापण हसल्या. मग त्यांनी नाव घेणंच सोडलं. नुसतं माझ्याकडे बघायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. सात वर्षं. सगळी पोरं हजर म्हणायची, मी मान हलवायची. कुणी हाक मारली की मला वाटायचं, आता हा अडखळणार, आणि त्याची मलाच लाज वाटायची. घरी आलं की तुम्ही दारातून कसं म्हणायचा, घशातून, काहीतरी मोठं केल्यासारखं. मला वाटायचं, हे माझ्याशी बोलत नाहीयेत. नावाशी बोलतायत." मग म्हणाली, "तुमची काय गंमत होती?" मी म्हणालो, "काही नाही, दवाखान्यातलं. विशेष नाही." ती म्हणाली, "प्रेशर सांभाळा." आणि पहिल्यांदाच, खूप वर्षांत, माझ्या हातावर हात ठेवला. सलाईनच्या सुईने निळसर झालेला हात. मी वचन दिलं. मी मनापासून दिलं, हे मला लिहायलाच हवं, कारण पुढे त्याच्यावर कुणाचा विश्वास बसणार नव्हता, माझाही नाही.

मला तिचं लग्न आठवलं. वधूवर बसलेले, ताटात तांदूळ पसरलेले, आणि जावई चंद्रप्रकाश सोन्याच्या अंगठीने त्यांत बायकोचं नवं नाव लिहितोय. रत्नप्रभा. चंद्रप्रकाशची रत्नप्रभा, वरपक्षाला ती जोडी फार आवडली होती. पोरींनी गलका केला. मी मंडपाच्या खांबाशी होतो, तिथून मला ताट दिसत नव्हतं पण तिचा चेहरा दिसत होता. ती वाकून एकेक अक्षर वाचत होती आणि वाचता वाचता तिचे खांदे खाली आले, जड पिशवी कुणी हातातून घ्यावी तसे. मी ते पाहिलं आणि जेवणाच्या पंगतीकडे निघून गेलो. शेवंती कुणाला तरी सांगत होती, बेबीला नाव छान मिळालं हो.

जिना उतरताना चंद्रप्रकाशची धाकटी बहीण माणिक भेटली, डबा घेऊन येत होती. टेलिफोन खात्यात नोकरी करणारी, पंचविशीची, तोंडाची फटकळ आणि मनाने उमदी मुलगी. वहिनीच्या लग्नात ती चौदाची होती. "काका! निघालात लगेच? चला, खाली चहा घेऊ, मला पण पाहिजे." नाही म्हणता आलं नाही. उपाहारगृहात ती समोर बसली आणि म्हणाली, "बारशाला आत्या मी एकटीच. नाव मीच ठेवणार, दादाने सांगूनच टाकलंय. वहिनी म्हणते, तुझी मर्जी, मला चालेल काहीही. पण सुचत नाहीये यार! तुम्ही तर जन्मनोंदणीत होतात ना? हजारो नावं असतील तुमच्या डोक्यात. काढा ना एखादं झकास." मी म्हणालो, "छे, छे. मला काय कळतं त्यातलं." "काय काका, एवढी पुस्तकं वाचता!" "नाही गं, खरंच नको." ती गप्प बसली. मीही गप्प. चहा यायला उशीर होत होता. मला शांतता सोसत नाही. मी स्वतः शांत माणूस आहे, पण समोरचा गप्प बसला की ती चूक माझी आहे असं वाटून मी काहीतरी बोलतो, आणि ते नेहमी नको तेच असतं. वर खाटेपाशी न सांगितलेली गोष्ट अजून माझ्या तोंडात होती. मी म्हणालो, "परवा आमच्या दवाखान्यात एक गंमत झाली." आणि सांगितली. कंपाउंडर, दोघी, तिसऱ्या मजल्यावरची तिसरी. माणिक खळखळून हसली. मग म्हणाली, "परत म्हणा, काय नाव?" मी म्हटलं. "म्हणजे काय हो?" "सरळपणा." "ऐकलंय मी हे, आमच्या ऑफिसात एकीच्या भाचीचं आहे. मस्त आहे." तिने पर्समधून बसचं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर पेनाने काहीतरी लिहिलं.

तिचा हात चालत होता तेवढा वेळ माझ्याकडे होता. पोरी, हे तुझ्या वहिनीचं नाव आहे, एवढंच म्हणायचं. माझ्या डोक्यात ते वाक्य तयार होतं. पण त्याआधी मला दुसरं काहीतरी दिसलं: हिला माहीत नाही. अकरा वर्षं एका घरात राहून हिला वहिनीचं पाळण्यातलं नाव माहीत नाही. माहेरी बेबी, सासरी रत्नप्रभा, आणि माझं नाव मधल्या मधे कुठल्याच घरात पोचलंच नाही. लग्नपत्रिकेवर होतं, पण पत्रिका कोण जपून ठेवतं? हे दिसलं आणि मला इतकं वाईट वाटलं, आणि वाईटाच्या खाली, तळाशी, इतकी हावरी आशा हलली, की मी चहाचा कप तोंडाला लावला. चहा गरम होता. तो खाली ठेवेपर्यंत तिकीट पर्समध्ये गेलं होतं. मी नाव सुचवलं नव्हतं. गंमत सांगितली होती. परतीच्या वाटेवर मी हे स्वतःला कितीदा सांगितलं. खरं बोलणाऱ्या माणसाला एक गोष्ट इतक्यांदा सांगावी लागत नाही.

मग मधले सात-आठ दिवस. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत लाजिरवाणे दिवस असावेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसलं नसतं. त्यांच्याकडे फोन नव्हता. माणिकच्या ऑफिसचा नंबर माझ्याकडे नव्हता, चौकशी केली असती तर मिळाला असता. मी अंतर्देशीय पत्र आणलं. 'चि. माणिक, अनेक उत्तम आशीर्वाद. परवा आपल्या बोलण्यात जे नाव आले ते कृपया ठेवू नये.' इथपर्यंत ठीक होतं. पुढे कारण लिहायचं, तर सगळं लिहावं लागणार: तिला तिच्या वहिनीचं नाव माहीत नाही हे, आणि वहिनीला ते का नकोसं आहे हे, म्हणजे शाळेतल्या बाई, म्हणजे मी. 'नकोसे' लिहावं की 'अप्रिय'? एक दिवस मी या दोन शब्दांत घालवला. दुसऱ्या दिवशी वाटलं, ती पोर कशाला तेच नाव ठेवेल, तिकिटावर पाच-दहा नावं असतील. पत्र पुस्तकात ठेवलं. मग वाटलं, कदाचित ठेवेलही, आणि ठेवलं तर मुलगी ते नव्याने ऐकेल, दुसऱ्याच्या तोंडून, गोड, सोपं झालेलं, आणि तिला वाटेल की... इथे माझा विचार नेहमी थांबायचा. तिला काय वाटेल? मला तिला काय वाटायला हवं होतं? बारशाच्या आदल्या दिवशी पत्र टाकायला निघालो. पेटीपाशी पोचल्यावर लक्षात आलं की आता ते वेळेवर पोचणार नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं मी विसरू शकत नाही.

बारसं रविवारी दुपारी होतं. बोरिवलीची त्यांची जागा तळमजल्यावर, दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. पाळण्याला कागदी फुलं लावली होती, घुगऱ्यांचा वास सुटला होता, बायकांची दाटी होती. विहीणबाई शांताबाईंनी मला खुर्ची दिली, "बसा व्याही, इथेच बसा, हल्ली कुठे बाहेर बसतात पुरुष." म्हणून मी आत होतो. मुलगी पाळण्याजवळ पाटावर बसली होती, हिरवी साडी, थकलेली, पण चेहऱ्यावर तेज होतं. मला पाहून तिने मान हलवली. मी तिला एका बाजूला बोलावून सांगू शकलो असतो, अजूनही. पाच मिनिटं होती. मी खुर्चीच्या हाताची निघालेली वेतपट्टी दाबत बसलो. गाणं झालं, बाळाला पाळण्यात घातलं, माणिक वाकली, तिच्या पाठीत धपाटे बसू लागले, "मार गं जोरात, सरकारी पाठ आहे!" असं कुणी म्हणालं, आणि ती हसत, विस्कटल्या केसांनी उभी राहिली आणि म्हणाली, "ऋजुता!"

मी मुलीकडे पाहिलं. ती पाळण्याकडे बघत होती. नाव पुकारताच एका क्षणात तिची मान किंचित वर झाली, हजेरीत बाईंची नजर आपल्यावर आली की मूल सावरून बसतं तशी, आणि तशीच राहिली. बायका म्हणत होत्या, गोड आहे, वेगळं आहे. शांताबाई म्हणाल्या, "हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय गं." माणिक म्हणाली, "ऐकणारच आई. फॅशन आहे आता. एकेका वर्गात तीन-तीन असतात." मी चंद्रप्रकाशकडे पाहिलं. तो दारात पेढ्यांचं ताट घेऊन उभा होता, आनंदात. ज्या बोटांनी त्याने तांदळात अक्षरं लिहिली होती त्याच बोटांनी त्याने मला पेढा दिला. "छान आहे ना अण्णा?" त्याला आठवत नव्हतं. तो लबाडी करत नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

बायका खाण्याकडे वळल्या तेव्हा ती पाण्याचा पेला घेऊन माझ्यापाशी आली. तिचा आवाज खाटेवर होता तितकाच हळू होता. "तुम्ही सांगितलंत?" मी म्हणालो, "नाही. म्हणजे, मी सुचवलं नाही. मी नुसती गंमत..." तिने थोडा वेळ वाट पाहिली. मी वाक्य पुरं करावं अशी तिची खरोखर इच्छा होती असं मला वाटतं. मग ती म्हणाली, "पाणी घ्या." मी पाणी प्यालो. "तू सांग ना त्यांना," मी म्हणालो, "आत्ता सांग, बदलतील ते." "काय सांगू? माझं नाव आहे म्हणून? कुणाला माहितीये ते माझं आहे?" तिने रिकामा पेला परत घेतला. "तिचंच असू दे आता. तिचं तरी म्हणता येईल सगळ्यांना." यात राग नव्हता. राग असता तर मी त्याला काहीतरी उत्तर शोधलं असतं.

तेवढ्यात माणिकने बाळाला उचलून माझ्यापुढे आणलं. "चला, सगळ्यांनी हाक मारली, आजोबा राहिले! नातीला नावाने हाक मारा." बायका गोळा झाल्या. बाळ जागं होतं, त्याची नजर कुठेच ठरत नव्हती. मी तोंड उघडलं. माझी जीभ वर वळली, टाळूच्या जवळ गेली आणि तिथेच राहिली. मला पलीकडे उभी असलेली ती दिसत होती, हातात पेला. मी मारेन ती हाक कुणाला असेल? मी पुन्हा प्रयत्न केला. आवाज आला नाही, नुसता श्वास आला. कुणीतरी हसलं, प्रेमानेच. शांताबाई म्हणाल्या, "अगं, आपल्या वेळची नावं का ही? जड जातात जुन्या माणसांना." माणिकने बाळ माझ्या आणखी जवळ आणलं आणि लहान मुलाला शिकवावं तसं, एकेक अक्षर तोडून म्हणाली, "सोपं आहे काका. रु. जु. ता. म्हणा."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मुलीकडे पाहिलं. तिला एक शब्द बोलता आला असता. हे नाव यांनीच शोधलं, चौतीस वर्षांपूर्वी, तुम्ही काय यांना शिकवता. निदान हसता आलं असतं, आमच्या दोघांतलं म्हणून. ती म्हणाली, "राहू दे गं माणिक. त्यांना नाही यायचं ते."

"येईल की," माणिक म्हणाली. "म्हणा काका. रु."

"रु," मी म्हणालो.

"जु."

"जु."

"ता."

मी तेही म्हणालो. मग तिने तिन्ही जोडायला सांगितली आणि मी जोडली, तिच्या उच्चाराने, जीभ टाळूला टेकवून. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शांताबाई म्हणाल्या, "जमलं की व्याह्यांना!" मीही हसलो असेन. मुलीने पुढे होऊन बाळाला माझ्यासमोरून घेतलं, दुधाची वेळ झाली म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं, आणि मग, थोडं थांबून, आतून कडी लागली.